साडेपंधरा कोयते

शनिवारची सकाळची शाळा होती. आठवी 'ब'च्या वर्गात मी फळ्यावर माणसाची पचनसंस्था काढत होते. जठरापर्यंत पोचले होते, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून 'टुंग' असा आवाज आला.

"कुणाचा आहे?"

सगळा वर्ग एकदम जठराकडे बघायला लागला. एरवी जठराकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तिसऱ्या बाकावर पृथ्वीराज जगदाळे आणि भागवत गर्जे बसायचे. पृथ्वीराज गावातल्या सगळ्यात मोठ्या बागायतदाराचा नातू. आईवडील पुण्याला, हा आजोबांजवळ. भागवत बीडकडून ऊस तोडायला आलेल्यांचा मुलगा. साखर कारखाना सुरू झाला की तो आमच्या शाळेत दाखल व्हायचा आणि कारखाना बंद झाला की जायचा. दोघांचं गूळपीठ कसं जमलं होतं कुणास ठाऊक, पण मधल्या सुट्टीत पृथ्वीराज भागवतची भाकरी खायचा आणि भागवत पृथ्वीराजच्या डब्यातले नूडल्स.

फोन पृथ्वीराजच्या पायमोज्यात निघाला.

"पायमोज्यात?"

"खिशात आणायला बंदी आहे ना बाई," तो म्हणाला.

फोन घेतला. वाचायचा अजिबात विचार नव्हता. पण पडदा उजळलेला होता आणि माझे डोळे तेव्हा फार चांगले होते. वर्गातल्या पोरांचा ग्रुप होता, नाव 'आठवी ब डेंजर'. कुणीतरी नुसता अंगठा पाठवला होता आणि त्या अंगठ्याच्या वर पृथ्वीराजने सकाळी टाकलेला निरोप होता.

'भाग्या म्हणतोय सोमवारी १० ला त्याची टोळी शाळेत येणार. साडेपंधरा कोयते. शितोळे सरांना कळता कामा नये. बाईंना तर अजिबात नाही, त्या सगळं सरांना सांगतात.'

माझ्या पाचावर धारण बसली. त्यात पुन्हा शेवटचं वाक्य खरं असल्यामुळे ते जास्तच लागलं.

खाली आणखी एका माणसाचे निरोप येऊन पडलेले दिसत होते. नाव 'किंग भाऊ'. ते मी उघडले नाहीत. दुसऱ्याचं पत्र वाचू नये असे माझ्यावर संस्कार आहेत, आणि एक वाचून झालं होतं. फोन बंद करून शाळेच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि उरलेली पचनसंस्था पोरांना घरून काढून आणायला सांगितली.

आता मी एवढी का घाबरले ते सांगायला हवं. मी गुहागरची. आमच्याकडे कोयता म्हणजे पडवीत अडकवलेला, नारळ सोलायचा आणि झावळ्या तोडायचा. उसाच्या पट्ट्यातल्या त्या गावात नोकरीला लागून मला जेमतेम पाच महिने झाले होते. आणि त्याच महिन्यात एका शहरातल्या पोरांचा व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. मोटारसायकलवरून कोयते परजत जायचं, उभ्या गाड्यांच्या काचा फोडायच्या, मागे ढणढण गाणं. तो बघून आमच्या तालुक्याच्या गावात नववीतल्या दोघांनी एका पानवाल्याच्या दंडावर वार केला होता. 'गंमत म्हणून केलं' असं त्यांनी सांगितलं होतं. पानवाल्याला बारा टाके पडले.

त्यावर वरून परिपत्रक आलं : शाळाशाळांतून जनजागृती करा. आमच्या शाळेत प्रोजेक्टर मलाच सुरू करता येत असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मीही हौशी. तो व्हिडिओ मी शोधून काढला आणि सगळ्या शाळेला भिंतीवर मोठा करून दाखवला, असं वागायचं नाही हे समजावून सांगण्यासाठी. मागची मुलं नीट दिसलं नाही म्हणाली, म्हणून परत लावला. टाळ्या पडल्या. त्या दिवशी मला वाटलं होतं, टाळ्या माझ्या भाषणाला आहेत.

शिवाय एक हमीपत्रही होतं. 'माझ्या पाल्याच्या मोबाईल वापरावर मी लक्ष ठेवीन.' पालकांनी येत्या आठवड्यात स्वतः शाळेत येऊन सही करायची. खाली एक ओळ माझी मी वाढवली होती : ज्यांचे पालक येणार नाहीत त्यांना वर्गात बसू दिलं जाणार नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

दुपारी मुख्याध्यापकांना, म्हणजे शितोळे सरांना फोन लावला. सर मनाने चांगले, पण त्या दिवसांत त्यांचं चित्त उसात होतं. उसाला तुरे आले होते, वजन घटत चाललं होतं आणि तोडीचा नंबर काही लागत नव्हता.

"सर, एक गंभीर गोष्ट..."

"बाई, सोमवारी माझी तोड हाय," सर म्हणाले. "महिना झाला मुकादमाच्या मागं फिरतोय. मंगळवारपतोर मला काही म्हणजे काही सांगू नका." आणि फोन ठेवला.

म्हणून रविवारी सकाळी मी एकटीच पोलीस चौकीवर गेले. हवालदार ऐवळे चौकीपुढच्या वांग्यांना पाणी घालत होते.

"सोमवारी सोळा मुलं शाळेत कोयते घेऊन येणार आहेत," मी म्हणाले.

फोन कपाटात होता, त्यामुळे मजकूर मी तोंडी सांगितला. म्हणजे सुधारून सांगितला. शिक्षकाला दुसऱ्याचं वाक्य सुधारल्याशिवाय चैन पडत नाही.

ऐवळ्यांनी झारी खाली ठेवली. "सोळा?"

"नक्की सांगायचं तर साडेपंधरा. एखादा मोडका असावा."

"मोडका वाईट लागतो बाई," ते गंभीरपणे म्हणाले. "टोळी हाय म्हणायची."

"टोळीच. तसंच लिहिलंय."

ते आत गेले, खुर्चीत बसले आणि पट्टीने रकाने आखलेली एक वही उघडली. नाव, वय, राहणार, कशाबद्दल. मी सांगत गेले. भागवत अंकुश गर्जे. वय तेरा. राहणार ऊसतोड कामगारांच्या कोप्या, कॅनॉलजवळ. शेवटच्या रकान्यात त्यांनी सावकाश लिहिलं : 'टोळी जमवून शाळेत कोयते आणणे, म्होरक्या.' लिहून झाल्यावर पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, नक्की ना? ह्या वहीत एकदा नाव चढलं की पोराच्या मागं लागतंय. उद्या गावात कुणाची सायकल गेली, तरी मला पैलं ह्येच्याच कोपीवर जावं लागंल. पुढं पोलिसात भरती व्हायचं म्हणलं, तरी हे नाव आडवं येणार."

"नक्की," मी म्हणाले. त्या 'नक्की'चा आवाज अजून माझ्या कानात आहे. चांगला खणखणीत होता.

सोमवारी साडेनऊला ऐवळे आणि दोन शिपाई शाळेच्या फाटकावर उभे राहिले. शितोळे सर ऑफिसात फोनवर कुणाला तरी विचारत होते, टोळी उसात पोचली का, आणि समोरून कुणी उत्तर देत नव्हतं. आठवी 'ब'ची सगळी पोरं मी पटांगणात ओळीने उभी केली. दप्तरं पुढ्यात. ऐवळ्यांनी सुरुवात अर्थातच भागवतपासून केली.

त्याचं दप्तर साखरेच्या पोत्याचं, हाताने शिवलेलं. आत दोन पुस्तकं, एक वही, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल आणि फडक्यात भाकरी. ऐवळ्यांनी भाकरीसुद्धा उलटून बघितली.

"कोयते कुठायत?"

"येऊ लागलेत साहेब," भागवत म्हणाला. "धाला येणार व्हते. आता वाजलेच आसतील."

"किती?"

"साडेपंधरा."

शिपायांनी काठ्या सावरल्या. मी नकळत ऐवळ्यांच्या मागे सरकले.

"तुला भ्या न्हाई वाटत, असं पोलिसाला तोंडावर सांगाया?"

"त्यात काय भ्या?" भागवत गोंधळून म्हणाला. "समदे आंगूळी करून येऊ लागलेत."

ऐवळे एकदम थांबले. त्यांनी भागवतकडे बघितलं, मग हळूहळू वळून माझ्याकडे. तेवढ्यात एक शिपाई ओरडला, "आले!"

कॅनॉलच्या रस्त्याने तीस-एक माणसं येत होती. पुरुषांचे धुतलेले सदरे, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या, कुणाच्या कडेवर तान्हं पोर. एकाच्याही हातात काही नव्हतं. पुढे टोळीचा मुकादम होता आणि त्याच्या हातात माझं हमीपत्र होतं, चार घड्या घालून सांभाळलेलं.

"बाई, तुम्ही कुठल्या?" ऐवळ्यांनी विचारलं.

"गुहागरची."

"मग बरोबर हाय." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ऊसतोडीत माणसं अशीच मोजत्यात. आणि पंधरा-सोळा कोयत्यांची मिळून टोळी. हितं शेंबडं पोरगं सांगंल तुम्हाला."

शेंबडी पोरं माझ्याकडे बघतच होती.

"आणि अर्धा?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"अर्धा म्हंजी आमचे आबा," भागवत म्हणाला. "आई वारली ना. म्या सुट्टीच्या दिशी जातो, तवा पुरा व्हतो."

मला त्या पटांगणात खड्डा खणून आत बसावंसं वाटत होतं. मग मुकादमाकडून उरलेलं कळलं. शाळेत टोळीतली सहा मुलं. पालक आले नाहीत तर वर्गाबाहेर काढणार, हे भागवतने कोपीकोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीझोपडीत, जाऊन सांगितलं होतं. दोघंचौघं शाळेत गेली तर उरलेल्यांच्याने उसाचा ट्रक भरला नसता, तेव्हा सगळ्यांनीच जायचं ठरलं.

"पण मग सरांपासून लपवायचं काय कारण?" मी विचारलं.

त्याचं उत्तर सर स्वतःच घेऊन बाहेर आले. फोन कानाला तसाच होता. टोळी बघून त्यांनी तो खाली केला.

"अरे, तुम्ही हितं? मग माझ्या उसात कोण हाय?"

"कुणीच नाय गुरुजी," मुकादम नम्रपणे म्हणाला. "तुमच्याच शाळेचा कागद आलता ना."

शिपाई तोंडावर हात धरून भिंतीकडे वळले. पोरं फिदीफिदी हसायला लागली, बायका पदराआड हसल्या, शेवटी सरही हसले. त्यांचं हसणं मात्र जरा रडवेलं होतं. सगळ्यात एकच माणूस हसत नव्हता. बारीक अंगाचा, तिशीतला. फाटकात पोलीस दिसल्यापासून त्याने हात जोडले होते ते अजून जोडलेलेच होते.

"साहेब," तो ऐवळ्यांना म्हणाला, "पोराचं काय चुकलं का?"

"काही न्हाई चुकलं गर्जे. बाईंचं चुकलं."

"तसं नाय. काय आसंल तं सांगा. म्या समजावतो त्याला."

मी पुढे होऊन काहीतरी बोलले. माफ करा असं म्हणायचं होतं, पण 'सह्या ऑफिसात होतील' असं म्हणाले. मग ऐवळ्यांना हळूच सांगितलं, "राहू दे आता तपासणी. झालं तेवढं हसं पुरे."

ऐवळे ओळीकडे बघत राहिले. "अशानं कसं चालंल बाई? गरिबाच्या पोराचं तेवढं दप्तर उपसलं, असं व्हईल ते. काढलंय तर सगळ्यांचं बघू."

आणि ते पुढच्या दप्तराकडे वळले. पुढचं दप्तर पृथ्वीराजचं होतं.

डबा, पाण्याची बाटली, कंपासपेटी, आणि तळाशी घडी घातलेल्या पीटीच्या गणवेशात कोयता. नवा कोरा, लाकडी मूठ, पात्यावर किमतीचं लेबल तसंच. पोरं दोन पावलं मागे सरली. भागवतने मात्र जवळ जाऊन, ऐवळे काही म्हणायच्या आत, पात्यावरून अंगठा फिरवला.

"ह्यानं ऊस नाय तुटायचा," तो जाणकारासारखा म्हणाला. "पण धार लई केलीया."

ऑफिसात आम्ही सातजण होतो. सर, ऐवळे, मी, पृथ्वीराज, निरोप धाडून बोलावलेले त्याचे आजोबा, भागवत आणि त्याचे वडील. भागवतला ऐवळ्यांनी का आत घेतलं ते मला तेव्हा कळलं नाही. बहुधा कोयत्यातला जाणकार म्हणून.

आजोबा पार गोंधळले होते. पृथ्वीराजने ऑनलाइन मागवलेल्या कोयत्याचं पार्सल त्यांनीच सही करून घेतलं होतं. "मला वाटलं, शेतीची गोडी लागली पोराला," ते म्हणाले. "गावभर सांगत सुटलो हो मी."

मी कपाट उघडून फोन काढला. पृथ्वीराजने मुकाट्याने 'किंग भाऊ'चे निरोप उघडून टेबलावर ठेवले. हा भाऊ कोण, कुठला, ते त्यालाही माहीत नव्हतं. कधी भेट नाही, आवाज ऐकलेला नाही. त्याने तीन कामं नेमून दिली होती. पहिला व्हिडिओ कोयता हवेत फिरवण्याचा. तो झाला होता. दुसरा गाडीवर.

"माझ्या स्कूटरचं सीट!" सर ओरडले. "आणि मी उंदरांना औषध घालतोय!"

कुणी हसलं नाही. तिसरं काम माणसावर. 'छोटा कट पण चालेल. रक्त दिसलं पाहिजे. सोमवारी व्हिडिओ नाही आला तर पहिले दोन तुझ्या गावाला पाठवतो.' हे शनिवारी सकाळी आलं होतं आणि शाळेत येण्याआधीच त्याने ते वाचलं होतं. मी फोन हातात घेऊन उभी होते तेव्हा ते तिथेच होतं, माझ्या अंगठ्याच्या खाली.

"हा माणूस तुला सापडला कुठं?" ऐवळ्यांनी विचारलं.

पृथ्वीराजने माझ्याकडे बघितलं. त्याला सांगायचं नव्हतं, हे मला दिसलं. "बाईंनी व्हिडिओ दाखवला होता ना. भिंतीवर. त्याच्यावर ह्या भाऊचं नाव होतं, त्यावरून शोधला." आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "पण बाई म्हणाल्या होत्या, असं करायचं नाही म्हणून."

तो व्हिडिओ मी दोनदा दाखवला होता.

"आणि तिसरं कुणावर करणार हुतास?"

त्याने बोटाने दाखवलं. भागवतकडे.

"भाग्यावर?" आजोबा म्हणाले. "आरं, त्येची भाकरी खातोस की तू!"

"थोडंच करणार होतो. हातावर."

"पण त्याच्यावरच का?" मी विचारलं.

"तो ऊसतोडीचा आहे ना बाई," पृथ्वीराज खाली बघत म्हणाला. "त्याच्या हाताला लागलं तर उसात लागलं असं सांगता येतं. कुणी विचारत नाही."

मला वाटलं होतं तेरा वर्षांच्या पोराला इतकं काही कळत नसतं. त्याला बरोबर कळलं होतं. मीसुद्धा भागवतला कधी विचारलं नव्हतं. त्याच्या बोटांना नेहमी कसली तरी चिंधी बांधलेली असायची. मी ती रोज बघायची आणि अक्षर नीट काढ म्हणून ओरडायची.

ऐवळ्यांनी पिशवीतून ती रकान्यांची वही काढली.

"ते नाव खोडा," मी म्हणाले. "पान फाडा. चूक माझी आहे, तसं लिहून देते मी."

"पान फाडता येत न्हाई. आणि नाव लागणारच हाय." त्यांनी कालच्या ओळीवर तिरकी रेघ मारली, बाजूला 'गैरसमज' असं लिहून माझी सही घेतली आणि खाली नवी ओळ सुरू केली. भागवत अंकुश गर्जे. वय तेरा. राहणार ऊसतोड कामगारांच्या कोप्या, कॅनॉलजवळ. सगळं शब्दाला शब्द तेच. शेवटच्या रकान्यात तेवढं लिहिलं : 'याच्यावर वार होणार होता.'

भागवतच्या वडिलांनी आता हात सोडले होते. ते मुलाच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले.

बोलला भागवत. तो इतका वेळ विचार करत होता. पृथ्वीराजच्या जवळ गेला आणि डाव्या हाताच्या बोटाची चिंधी सोडायला लागला. आत लांबट चीर होती, अजून ओली.

"येड्या, आधी सांगायचं नाय का?" तो म्हणाला. "ही कालचीच हाये. मला तं रोजच लागतंय. हिचाच फोटू काढून धाडला आसता त्या भाऊला. तुझं काम झालं आसतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. मित्र अडचणीत सापडला होता आणि तो त्याला मनापासून वाट सुचवत होता. पृथ्वीराज त्या बोटाकडे बघत राहिला आणि हमसून हमसून रडायला लागला. मुलं रडली की मी त्यांना गप्प करायची. त्या दिवशी केलं नाही. माझं मलाच गप्प होता येत नव्हतं.